नऊ कोणी देत नाही

१२ जानेवारी, सोमवार

ही डायरी दोरवाली कंपनी दर नाताळाला फुकट देते. दरवर्षी मी तिच्यात वारा कुठला आणि माल काय आला एवढंच लिहिते. यंदा जास्त लिहावं लागणार. डोकं तापलंय, आणि घरी ऐकायला मांजरसुद्धा उरलेलं नाही. शाळा सातवीपर्यंत झाली, तीही रडतखडत. अक्षर वाईट आहे. कोणाला दाखवायचंय?

आज जेवणाच्या सुट्टीत मालकाने, एवाल्डने, सगळ्यांना सांगितलं, कारखान्यात कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम येणार. जाळी, दोर, साखळ्या, ऑर्डरी, पगार, सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये. कोणता घ्यायचा ते ठरवायला ऑर्हूसच्या विद्यापीठातून एक बाई येतेय. ओर्ला म्हणाला, "दुकानातून विकत घ्यायच्या वस्तूला विद्यापीठ कशाला लागतं?" ओर्ला जाळी विणणाऱ्यांचा मुकादम आहे. त्याचं तोंड बंद नसतं. एवाल्ड म्हणाला, "कारण चुकलं तर दहा वर्षं चुकतं."

माझ्याकडे न बघता म्हणाला. एरवी काही नवीन आणायचं असलं की आधी मला विचारतो.

१५ जानेवारी

वारा पश्चिमेचा, दारं लागत नाहीत.

मी हे गोदाम १९७३ पासून सांभाळते. सोळा वर्षांची होते. एवाल्डचा बाप गेला आणि एवाल्ड मालक झाला, तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला तो थर्मास घेऊन खाली येतो, दाराजवळच्या दोराच्या वेटोळ्यावर बसतो आणि विचारतो, "योना, काय कमी आहे?" मी सांगते. कागद नाही, पाटी नाही. कुठली साखळी किती, तरंगणारे गोळे किती, हिरवी जाळी किती मीटर, सगळं डोक्यात असतं. सात वाजता बाकीचे येतात तेव्हा तो उठतो. अठ्ठावीस वर्षं झाली. त्याची बायको ग्रेटे गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही आला होता. तेव्हाही हेच विचारलं, आणि मी साखळ्यांपासून सुरुवात केली.

आता हे सगळं प्रोग्रॅमला कळणार. मग तो थर्मास घेऊन कुठे जाणार?

१९ जानेवारी, सोमवार

आली. मालेने तिचं नाव. तिशी ओलांडलेली, लांब मान, पांढरे बूट. गोदामात पांढरे बूट! डांबर लावलेल्या दोरांमधून बगळ्यासारखी पाय उचलत चालली.

एवाल्ड आज पावणेसातला आला. पंधरा मिनिटं उशीर. दाढी दोनदा केलेली, गालावर कापलेलं. थर्मास अर्धाच भरलेला. म्हटलं, "कॉफी कमी पडली का?" म्हणाला, "अर्धी वर ठेवलीय, पाहुणी येणार आहे." नऊ वाजता ती वर गेली, बारा वाजता खाली आली. तीन तास. माझ्याशी तो गेल्या वर्षभरात सलग तीन तास बोललेला नाही.

२२ जानेवारी

त्याने निळा स्वेटर घातला. तो ग्रेटेने विणलेला आहे, फक्त नाताळला निघतो. आज गुरुवार आहे.

२६ जानेवारी, सोमवार

जेवणाच्या खोलीत मालेनेने आमची शाळा घेतली. मोठ्या कागदावर तीन चौकोन काढले: निळा, लाल, हिरवा. तीन प्रोग्रॅम. नावं कोणाच्या लक्षात राहत नाहीत म्हणून रंग. मग म्हणाली, आधी प्रोग्रॅम विसरा. आधी मला सांगा, तुम्हाला जास्त महत्त्वाचं काय. माल पटकन सापडणं, की शिकायला सोपं असणं? आणि किती पटीने? एक म्हणजे सारखंच, नऊ म्हणजे कितीतरी जास्त. दोन-दोन गोष्टी समोरासमोर ठेवायच्या आणि आकडा द्यायचा. प्रोग्रॅमलाही पुढे असेच आकडे द्यायचे.

ओर्ला म्हणाला, "बाई, इथे नऊ कोणी देत नाही."

"का?"

"का म्हणजे? नऊ म्हणजे काय थट्टा आहे? माझ्या लग्नाला मी सहा देईन. बायको शेजारी उभी असेल तर साडेसहा."

सगळे हसले. तीही हसली. एवाल्ड हसला तो दात दिसेपर्यंत. मला वाटत होतं त्याचे मागचे दात काढलेत. आहेत की.

आणि आकडा एक नाही द्यायचा, तीन द्यायचे. कमीत कमी किती, बहुधा किती, जास्तीत जास्त किती.

मी विचारलं, "तीन कशाला?"

"कारण माणसाला नक्की माहीत नसतं. जितकी शंका जास्त तितके आकडे लांब-लांब पडतात. मी ती शंकासुद्धा हिशोबात धरते."

"मला नक्की माहीत असतं," मी म्हटलं.

"मग तीनही आकडे एकच लिहा," ती म्हणाली. अगदी गोड बोलून. गोड बोलणाऱ्या माणसाचा मला वीट येतो.

एवाल्ड सारखी मान हलवत होता. हा माणूस बँकवाल्यापुढेसुद्धा मान हलवत नाही.

३ फेब्रुवारी

कालपासून ती गोदामात माझ्या मागे-मागे आहे. हे का असं, ते तिथे का. मी म्हटलं, "काम करू की बोलू?" म्हणाली, "दोन्ही." उद्धट.

तरी विचारते ते बरोबर विचारते, हे लिहायला हवं. साखळीच्या पेट्यांवर मी मेणखडूने आकडे का लिहिते, ते तिने विचारलं. जुन्या बोटीचा कप्तान "पुढच्या आठवड्यात ये" म्हणाला की माल उद्याच बांधून ठेवावा लागतो आणि "उद्या" म्हणाला की पुढच्या आठवड्यात, हे मी तिला सांगितलं. तिने लिहून घेतलं. हे आजवर कोणीच लिहून घेतलं नव्हतं. मग म्हणाली, "योना, हे कुठल्याच प्रोग्रॅममध्ये नाही." मला एकदम बरं वाटलं. आणि मग ती दमली आणि बसली. दाराजवळच्या दोराच्या वेटोळ्यावर. त्याच्या जागेवर. पांढरे बूट पुढे पसरून.

मी म्हटलं, "ऊठ. तो माल जायचाय."

तो माल सहा वर्षं कुठेही गेलेला नाही.

५ फेब्रुवारी

जिन्याखाली उभी होते. वरून आवाज आले. ती म्हणाली, "...योना..." आणि मग काहीतरी, आणि एवाल्ड हसला. पुन्हा "योना", पुन्हा हसला. मग लिस बोलली. लिस हिशोब बघते. तिचा आवाज नाराज होता. मला पुढचं ऐकू आलं नाही, आलं असतं तरी नको होतं. माझ्यावर हसतात. हसू दे. अक्षरावर हसत असतील. नाहीतर डांबराच्या वासावर. तिला कसला वास येतो माहीत आहे, संत्र्याच्या सालीचा.

संध्याकाळी लिसने कागद आणून दिले. म्हणाली, "तूही आकडे द्यायचेस. आधी पाचच जण होते. आता सहा." तोंड वाकडं करून म्हणाली. मी कागद घेतले.

१२ फेब्रुवारी

तीन प्रोग्रॅमवाले आले, एकामागून एक. पडद्यावर चित्रं दाखवली. पहिला निळा, मग हिरवा, शेवटी लाल.

निळ्याच्या वेळी मालेनेने पेन्सिल खाली ठेवली आणि नुसती बघत राहिली. तेव्हाच मला कळलं, हिला निळा हवाय. हिरव्याला जांभई दिली. लालवाला खूप बोलत होता, चकचकीत माणूस. तो काय बोलला ते मला सांगता येणार नाही. त्या अर्ध्या तासात ती दोनदा एवाल्डच्या कानाशी वाकली. दुसऱ्या वेळी तिचे केस त्याच्या स्वेटरला लागले. पुन्हा निळा स्वेटर. मी तेच बघत होते.

१८ फेब्रुवारी

सकाळी आला. थर्मास पूर्ण भरलेला, कारण ती आज नाही. बसला. मी म्हटलं काय-काय कमी आहे. मग तो म्हणाला, "हुशार आहे पोरगी." मी म्हटलं, "असेल." म्हणाला, "अशी माणसं इथे आली पाहिजेत." मी म्हटलं, "आली तर आहेत." तो माझ्याकडे बघत राहिला. मग सात वाजले.

१९ फेब्रुवारी

आकडे भरले. नाव लिहायचं नाही, कागद पेटीत टाकायचे. पेन मिळालं नाही म्हणून मेणखडूनेच लिहिलं.

तिला निळा हवाय ना? मग निळ्याला मी दोन दिले. कमीत कमी दोन, बहुधा दोन, जास्तीत जास्त दोन. लालला सगळीकडे नऊ, नऊ, नऊ. शंका नाही.

मग घरी आले, राय धान्याचा काळा पाव कापला आणि तसाच ठेवला. भूक नव्हती.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पाव आणायची पाळी ओर्लाची होती. त्याने खसखशीचे आणले आणि लोणी विसरला. लिसने वरून आणलं. हे मुद्दाम लिहितेय. पुढचं लिहायला लागू नये म्हणून.

मालेनेने निकाल सांगितला. लाल पहिला, निळा दुसरा, अगदी थोडक्यात. हिरवा लांब मागे. लिसने लगेच वही उघडली, पण मालेने म्हणाली, "थांबा. मी आकडे हलवून बघितले. कोणाचे थोडे वर, कोणाचे खाली. निकाल टिकतो का ते बघायला. सहातला एकच कागद बाजूला ठेवला, की निळा बराच पुढे जातो. बाकी पाच जणांनी चार ते सहाच्या पलीकडे पाऊलच टाकलेलं नाही. या एकाने नऊ दिलेत. तेही तीनदा नऊ. जराही शंका नाही."

ओर्लाचा पाव तोंडाजवळच थांबला. "नऊ? इथल्या कोणी?"

"ज्याने दिले त्याने बोलावं असं मला वाटतं. मी नाव विचारत नाही. कारण विचारतेय."

आम्ही असे गप्प बसतो, की लोण्यावरून सुरी फिरली तरी ऐकू येते. मी माझा पाव मधोमध कापला, मग पुन्हा मधोमध.

मग एवाल्ड बोलला. "मालेने, तू बाहेरची आहेस. इथे नऊ कोणी देत नाही. ज्याने दिले त्याने आपल्याला न दिसलेलं काहीतरी पाहिलं असणार. माझ्यापुरतं हे बास. सोमवारी दुपारी लालवर सही करतो."

ती कागद गोळा करायला लागली. तिचे हात जरा रागावलेले होते. मी जिंकले. असं वाटायला हवं होतं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

बंदरावर ओर्ला भेटला, चपटे मासे घेत होता. म्हणाला, "काय गं, आता तुझी सकाळची कटकट संपली."

"कसली कटकट?"

"अगं, लालमध्ये सगळं मालकाच्या पडद्यावर. गोदामात उतरायची गरजच नाही, तेच तर सारखं सांगत होता तो चकचकीत. माल येतो-जातो तो वरूनच ठरतो. तू फक्त खोकी उचलायची. निळ्यात उलटं होतं. गोदामाने हो म्हटल्याशिवाय एक गोळाही बाहेर जात नाही. मालक आणि तू, दोघांनी मिळून रोज आकडा पक्का करायचा. तुझ्यासाठीच बनवलाय म्हणालो मी लिसला. तू तिथेच बसली होतीस की. कुठे बघत होतीस?"

मी म्हटलं, "पडद्याकडे."

"ती मालेने तर तुझ्यासाठी भांडली. लिस पाचावरच अडून होती. मालेने म्हणाली, गोदामातल्या बाईचा कागद नसेल तर बाकीचे पाच फुकट आहेत. एवाल्ड हसायलाच लागला. म्हणाला, मी अठ्ठावीस वर्षं हेच सांगतोय."

मासे घेतले नाहीत. पिशवी रिकामीच घरी आणली.

१ मार्च, रविवार

चर्चच्या घंटा झाल्या. मी गेले नाही.

काही न बोलता राहता येईल. कागदावर नाव नाही. लाल येईल, मी खोकी उचलीन. तो वर बसेल, अख्खा थर्मास वरच संपेल.

बोलले तर काय होईल? तो विचारेल, का? त्याला काय सांगू? स्वेटर? संत्र्याची साल? बावन्न वर्षांची बाई आहे मी.

मालेनेसारखे तीन आकडे लिहून बघितले, तो मला माफ करील का याचे. कमीत कमी एक. बहुधा दोन. तिसरा लिहिला नाही.

२ मार्च, सोमवार

साडेसहाला आला. बसला. "योना, काय कमी आहे?"

मी सांगितलं. साखळी, गोळे, पोलादी दोर. मग म्हटलं, "एवाल्ड, नऊ माझे."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कसं?"

"मेणखडू. आणि शेपूट वर वळलेला नऊ. इतकी वर्षं पेट्यांवर बघतोय." कॉफी ओतली. "मला स्वतःला निळाच बरा वाटत होता. पण तू नऊ दिलेस, मग मी कोण? म्हणून तर लाल."

मी म्हटलं, "ते खोटे आहेत."

"म्हणजे?"

"लालचं मी काही बघितलंच नाही. तिला निळा हवा होता, म्हणून लालला दिले."

"मालेनेला?"

"ती सारखी वर असते. तू स्वेटर घालतोस. अर्धी कॉफी. आणि ती इथे बसली." मी वेटोळ्याकडे बोट केलं. तो ज्यावर बसला होता त्याच्याकडेच.

त्याने खाली बघितलं. मग थर्मासचं झाकण फिरवलं, आणि ते नीट बसेना, पुन्हा फिरवलं.

"अठ्ठावीस वर्षांत तू मला एकही चुकीचा आकडा दिला नव्हतास," तो म्हणाला. उठला आणि गेला. सातला अजून वीस मिनिटं होती. कप तसाच राहिला, भरलेला.

सही झाली नाही, असं लिसने दुपारी सांगितलं.

६ मार्च

आला नाही. काय कमी आहे ते विचारायला चिठ्ठी घेऊन लिस येते. मी चिठ्ठीवर लिहून देते. पेनने.

१० मार्च

मालेने आली, नवे कागद घेऊन. साधे काळे बूट घातलेले. सगळ्यांना पुन्हा आकडे द्यायला सांगितले. माझ्याजवळ येऊन उभी राहिली. बसली नाही.

मी म्हटलं, "बस. तो माल कुठे जात नाहीये."

"नको. ती त्याची जागा आहे, मला आता माहीत झालंय." मग म्हणाली, "योना, चूक माझीही आहे. सगळ्यांची पट्टी सारखीच आहे असं मी धरलं. इथे सहा म्हणजे काय ते मी आधी विचारायला हवं होतं. आता पट्टी बदललीय. प्रत्येकाचे आकडे त्याच्याच सवयीशी ताडून बघते."

"आणि खोटं बोलणाऱ्याचे?"

"त्याला हिशोब नाही," ती म्हणाली. "तू सांगितलंस म्हणून कळलं."

चांगली आहे. हेच तर सहन होत नाही. वाईट असती तर बरं झालं असतं.

निळ्याला चार, सहा, सात दिले. खूप वेळ विचार करून. ओर्ला मागून डोकावला. "सात? योना, तब्येत बरी आहे ना?" मी त्याला मेणखडू फेकून मारला.

२० मार्च

निळा ठरला. या वेळी आकडे कितीही हलवले तरी हलला नाही म्हणे. मालेने ऑर्हूसला परत गेली. जाताना एवाल्डने तिला बंदरापर्यंत सोडलं. स्वेटर साधाच होता, करडा. मी खिडकीतून बघितलं. बघायचं नव्हतं.

सकाळी आला नाही. चिठ्ठी आली.

१७ एप्रिल

ईस्टर झाला. चिठ्ठी.

निळा शिकतेय. माऊस म्हणतात त्याला, तो माझ्या हातात उंदरासारखाच पळतो. लिस शिकवते, तोंड कमी वाकडं करून. गोदामाने हो म्हणायची जागा हिरवी आहे, दाबली की टिक होते. आधी वाटलं होतं मालकानेही शेजारी बसून बघायला लागेल. तसं नाही. तो वरून त्याच्या पडद्यावर टिक करू शकतो. लिसने दाखवलं. म्हणजे निळ्यातही खाली यायला नकोच होतं. इतका आटापिटा केला तो कशासाठी.

४ मे, सोमवार

आजपासून निळा चालू. सगळा माल आत घातला, चार दिवस लागले. आता माझ्या डोक्यात आहे तेच त्याच्या टेबलावर आहे. चिठ्ठी आली नाही. आता चिठ्ठीही लागत नाही.

संध्याकाळी, युद्धात देश सुटला त्याच्या आठवणीला, खिडकीत मेणबत्त्या लावल्या, सगळ्या गल्लीत होत्या. त्याच्याही खिडकीत दोन होत्या. दरवर्षी ग्रेटे लावायची.

५ मे, मंगळवार

साडेसहाला दार वाजलं. एवाल्ड, थर्मास घेऊन. बसला. वेटोळ्यावर मी पोतं टाकलं होतं, ते बाजूला सारून बसला.

मी म्हटलं, "सगळं पडद्यावर आहे."

"पाहिलं."

"साखळी कमी आहे. तीही आहे तिथे."

"पाहिली. मागवली."

"मग काय विचारायचंय?"

"काही नाही," तो म्हणाला आणि दोन कप ओतले.

मीही दुसऱ्या वेटोळ्यावर बसले. बाहेर सुटकेच्या दिवसाचे झेंडे फडफडत होते. सात वाजले, ओर्ला आला, एवाल्ड उठला आणि वर गेला. विचारायचं काहीच नव्हतं, तरी अर्धा तास बसला. मग आला कशाला, ते मला कळलं नाही. उद्या आला तर विचारीन.

नको. विचारणार नाही.

वारा पश्चिमेचा, मंद. माल काही आला नाही.